चौथ्या डब्यापाशी

पत्र्याचे सहा डबे एका ओळीत मांडलेले. दोन डब्यांत चार पावलांचं अंतर. काळी ही आमची शिकाऊ कुत्री पहिल्या डब्यावरून पुढे गेली, दुसऱ्याला तिचं नाक जेमतेम टेकलं, तिसऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. चौथ्यापाशी मात्र ती झटकन वळली. झाकणाच्या भोकाला नाक लावलं, हलणारी शेपूट थांबली आणि ती बसली. अगदी ताठ, नजर डब्यावर खिळलेली. तिच्या हँडलरने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या आणि तिच्याकडून काम करून घेणाऱ्या माणसाने, मागून गुंडाळलेला टॉवेल फेकला, तो डब्याशेजारीच पडला आणि काळीने त्याच्यावर झडप घातली. मी टाळ्या वाजवल्या. त्या डब्यात गांजाचा नमुना मीच ठेवला होता.

उस्ताद हसले नाहीत. प्रशिक्षण देणाऱ्याला तिथे सगळे उस्तादच म्हणत. ते म्हणाले, "मॅडम, आता एक रिकामी बाटली घ्या. कोरी, कधी न वापरलेली. हेच हातमोजे घालून दुसऱ्या डब्यात ठेवून या."

मी ठेवून आले. काळीला पुन्हा सोडलं. ती दुसऱ्या डब्यापाशी गेली आणि तितक्याच ताठपणे, तितक्याच खात्रीने बसली.

तीन आठवडे आम्ही तिला गांजाचा वास शिकवत होतो, असा आमचा समज. तिने शिकलं होतं ते वेगळंच. मॅडमनी नुकताच हात लावलेला डबा ओळखायचा, की टॉवेल मिळतो. तिच्या बाजूने हिशेब चोख होता. नमुना मी ज्या डब्यात ठेवायची त्यालाच फक्त हात लावायची, बाकीचे पाच तसेच राहायचे. माझ्या हातमोज्यांचा रबरी वास, माझ्या पावलांची ओळ, सगळं थेट त्या एका डब्यापर्यंत जायचं. आम्ही तिला प्रश्न विचारला होता एक आणि तिच्यापुढे ठेवला होता दुसराच.

मी रसायनशास्त्र शिकलेली. प्रशिक्षणासाठी लागणारे अमली पदार्थांचे नमुने सांभाळायचं काम काही काळ माझ्याकडे होतं. कुलूप उघडायचं, वजन करून नमुना बाहेर काढायचा, नोंदवहीत दोघांच्या सह्या. संध्याकाळी परत वजन, परत सह्या. कुत्र्यांशी माझा संबंध एवढाच, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. काळी हे त्या लॅब्रेडोर कुत्रीचं खरं नाव नव्हे, पण मनात मी तिला त्याच नावाने हाक मारते.

लोकांना हे काम कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. "त्या कुत्र्यांना आधी नशेची सवय लावतात ना?" हा समज कुठून आला कोण जाणे, पण तो अगदी घट्ट बसलेला आहे. असं कुणीही करत नाही. नशेत असलेला किंवा नशेसाठी तळमळणारा प्राणी तासभर शिस्तीने काम कसा करेल? तो आजारी पडेल, मरेलही. नमुना कुत्र्याच्या तोंडाला तर सोडाच, नाकालाही थेट लागू नये म्हणून जाळीदार झाकणाच्या बाटल्या आणि डबे वापरतात. फेंटॅनिलसारखे अतितीव्र अमली पदार्थ बाजारात आल्यापासून तर हा धोका फार वाढलाय. त्याचा अगदी सूक्ष्म अंशही घातक ठरू शकतो, म्हणून कित्येक ठिकाणी हँडलर आपल्या कुत्र्यासाठी नॅलॉक्सोन हे उतारा म्हणून दिलं जाणारं औषध जवळ बाळगतात.

कुत्र्याला वेड असतं ते टॉवेलचं. कुणाला चेंडूचं, कुणाला रबरी नळीच्या तुकड्याचं. निवडीच्या वेळी वंशावळीपेक्षा हे वेडच पाहतात. चेंडू उंच गवतात फेकायचा आणि पिल्लाला धरून ठेवायचं. थोड्या वेळाने सोडायचं. दोन मिनिटं शोधून माणसांकडे परत येणारं पिल्लू घरात पाळायला उत्तम. जे परत येतच नाही, धाप लागली, काट्यांनी नाक खरचटलं तरी गवत उपसत राहतं, ते या कामाचं. घरात असं पिल्लू सोफा फाडतं आणि घरच्यांना नकोसं होतं. काळीही अशीच, कुणाला तरी आवरेनाशी झाली म्हणून आली होती.

मग त्या वेडाला वासाची जोड द्यायची. सुरुवातीला वास आणि टॉवेल एकत्र. वास आला की खेळ येतो, एवढंच तिच्या मनात रुजवायचं. पुढे टॉवेल दिसेनासा होतो, उरतो फक्त वास. ती वासापाशी पोचते, टॉवेल शोधते, सापडत नाही म्हणून गोंधळून क्षणभर थबकते, आणि नेमक्या त्याच क्षणी टॉवेल वासाच्या उगमापाशी येऊन पडायला हवा. हँडलरच्या हातातून आलाय असं तिला वाटता कामा नये. वासातूनच उगवलाय असं वाटायला हवं. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे हा. टॉवेल उशिरा पडला आणि तोवर तिने मान वळवून हँडलरकडे पाहिलं असेल, तर ती शिकते की मागे वळून पाहिलं की टॉवेल मिळतो. मग पुढचे कित्येक दिवस ते मोडण्यात जातात.

पूर्वी कुत्र्यांना ओरखडायला, भुंकायला शिकवत. आता बहुतेक ठिकाणी बसणं किंवा नजर रोखून गोठून राहणं शिकवतात. माणसाच्या खिशापाशी पंजे मारणारा कुत्रा कुणालाच नको असतो. मलाही ते बसणंच आवडायचं. इतकी धावपळ, इतकी घाई, आणि जे शोधलं ते सापडल्यावर एकदम निश्चल.

हे सगळं ज्या नाकाच्या जोरावर चालतं त्याबद्दल आकडे खूप सांगितले जातात. गंध टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी. आकडा मोठाच आहे, पण मला त्या नाकाच्या बांधणीचं जास्त नवल वाटतं. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेर जाणारा श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे निसटतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. आत शिरलेली हवा दोन वाटांनी जाते. बरीचशी फुप्फुसाकडे, आणि साधारण आठवा भाग नाकाच्या मागच्या टोकाला असलेल्या घड्यांच्या एका कप्प्यात, जिथे फक्त वास घेण्याचं काम चालतं. धापा टाकत असताना मात्र हे नीट साधत नाही. म्हणून उन्हात, दमल्यावर, तहानलेला असताना कुत्रा चुकतो, आणि चांगला हँडलर घड्याळाकडे बघण्याआधी त्याच्या जिभेकडे बघतो.

माझ्या विषयाची गंमत याच्या पुढची. कुत्र्याला कोकेनचा वास येतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण शुद्ध कोकेन हायड्रोक्लोराइड हा जड स्फटिक, त्याची वाफ होते ती नगण्य. हवेतल्या ओलाव्याने त्याचं थोडं थोडं विघटन होत राहतं आणि त्यातून मेथिल बेंझोएट नावाचं एक सहज उडणारं, गोडसर वासाचं द्रव्य सुटतं. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात केनेथ फर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रशिक्षित कुत्रे इशारा देतात तो प्रामुख्याने या द्रव्याला. स्नॅपड्रॅगनच्या फुलांच्या सुगंधातही हेच द्रव्य असतं. हेरॉइनच्या बाबतीत उडून येतं ते ॲसेटिक ॲसिड, म्हणजे ज्याने व्हिनेगरला आंबट वास येतो ते. एमडीएमए या नशेच्या पदार्थाच्या गोळ्यांतून पिपरोनल, जे अत्तरांतही वापरतात. गांज्याचं म्हणाल तर झाडाचेच टर्पीन, म्हणजे पाइनच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या वासात असणारी पायनीन, लिमोनीन अशी द्रव्यं.

हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. जो पदार्थ मी कुलपात ठेवत होते, ज्याच्या एकेक मिलिग्रॅमचा हिशेब देत होते, तो काळीला माहीतच नव्हता. तिला माहीत होती त्या पदार्थाची झीज. आपलं नाव कुणी कधी उच्चारलंच नाही, तरी जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून घरातलं माणूस आपल्याला ओळखतं, तसं काहीसं. मग नोंदवहीत मी जे लिहीत होते त्याचा अर्थच बदलला. नमुना किती जुना, कुठल्या खेपेचा, दमट हवेत ठेवलेला की कोरड्या, यावर त्यातून काय आणि किती उडणार ते ठरतं. म्हणून एकाच बाटलीवर शिकवलेला कुत्रा त्या एका बाटलीत प्रवीण होतो. वेगवेगळ्या ठिकाणचे, जुने-नवे, कमी-जास्त वजनाचे नमुने लागतात. कायम पाच ग्रॅमवर शिकलेल्या कुत्र्यापुढे अचानक पाच किलो आलं, तर त्याला उगमच सापडत नाही. सगळी खोली वासाने भरलेली, कुठेही नाक नेलं तरी तेच. तो गोल फिरत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला काही येत नाही.

साठवणही तशीच जपावी लागते. वास प्लॅस्टिकमधून आरपार जातो. चार पदार्थांच्या पिशव्या एका कपाटात ठेवल्या की महिन्याभरात चारही पिशव्यांना चारही वास येऊ लागतात, आणि कुत्रा प्रामाणिकपणे त्या मिश्रणाचाच अभ्यास करतो. काळीच्या प्रकरणानंतर मी सगळं काचेच्या घट्ट बरण्यांत हलवलं. प्रत्येक पदार्थाची जागा वेगळी, हातमोजे दर वेळी नवे. सहाही डब्यांना हात लावायचा, सहाही डब्यांत सारखीच बाटली, एकीत नमुना, बाकी कोऱ्या. कोऱ्या बाटल्यांच्या जोडीला काही डब्यांत हातमोजे, काहींत चिकटपट्टी, काहींत कुत्र्याचं खाणं, काहींत दुसऱ्या कुत्र्याचा टॉवेल. या सगळ्यांना ओलांडून जाता आलं पाहिजे. नमुना ठेवल्यावर लगेच कुत्रा आणायचा नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं. वास पाण्यासारखा पसरतो, सखल जागी साठतो, पंख्याच्या वाऱ्याने भिंतीला जाऊन चिकटतो, दाराच्या फटीतून बाहेर पडतो. कधी कधी काळी कपाटापासून दहा फुटांवर, रिकाम्या कोपऱ्यात मान वर करून उभी राहायची. मला वाटायचं चुकली. उस्ताद हातात थोडी पावडर घेऊन हवेत उडवायचे. ती पावडर कपाटाकडून हळूहळू त्या कोपऱ्याकडे वाहत जायची.

काळीला माझ्या हातमोज्यांपासून सोडवायला पाच आठवडे लागले. माणसांना सोडवायला किती लागतात, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

नमुना चौथ्या डब्यात आहे हे हँडलरला ठाऊक असलं, की चौथ्या डब्यापाशी त्याचं पाऊल रेंगाळतं. मी स्वतः पाहिलंय. त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की नाही रेंगाळलं, आणि ते खोटंही नसेल, कारण त्याला ते कळतच नाही. दोरी किंचित सैल किंवा किंचित ताठ होते. श्वास अडतो. खांदे वळतात. कुत्र्याने हजारो वर्षं माणसाचं शरीर वाचण्यात घालवली आहेत, त्याला एवढं पुरतं. मीही कमी नव्हते. लांब भिंतीला टेकून उभी असायची आणि डोळे आपोआप त्या डब्याकडे. उस्तादांनी एकदा मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही पाठ फिरवून उभ्या राहा." पुढे ते म्हणाले, "नाही, बाहेरच थांबा."

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टापा वाजवून गणितं सोडवायचा. विल्हेल्म फॉन ओस्टेन हा त्याचा मालक, सच्चा माणूस, फसवणूक कसलीच नव्हती. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने उलगडा केला. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच घोड्याला ते येत असे. बरोबर आकड्यावर टाप पडली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हलायचं आणि घोडा थांबायचा. यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, हे सगळं समजल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःचं डोकं पूर्णपणे स्थिर ठेवता येत नव्हतं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 2011 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमली पदार्थ किंवा स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या आणि त्यांच्या हँडलरच्या 18 जोड्या, चर्चमधल्या चार खोल्या. हँडलरना सांगितलं होतं की खोलीत नमुने लपवलेले असू शकतात, आणि लाल कागद दिसला तर ती जागा समजायची. खरं तर कुठल्याच खोलीत काहीही नव्हतं. 144 शोध झाले. त्यांपैकी फक्त 21 शोधांत एकही इशारा नोंदवला गेला नाही. बाकीच्यांत मिळून 225 इशारे, सगळे चुकीचे. काही जागी कुत्र्यांना भुलवायला सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते. त्यांच्यापेक्षा लाल कागदांपाशी इशारे जास्त. कागदाचा अर्थ कुत्र्यांना कुठून कळणार? तो फक्त माणसांना कळत होता. यात कुत्रे खरोखर बसले, की बसल्याचं हँडलरना वाटलं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण ज्या माणसाच्या बॅगेपाशी हे घडेल, त्याच्या दृष्टीने या दोहोंत काय फरक?

हे सांगितलं की काही जण म्हणतात, मग कुत्रे निरुपयोगीच. तसं नाही, आणि हे मी काळीवरच्या मायेपोटी म्हणत नाही. पोलंडमध्ये तादेउश येझिएर्स्की आणि सहकाऱ्यांनी 164 पोलिसी कुत्र्यांच्या 1219 चाचण्या तपासल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 87.7 टक्के इशारे बरोबर होते, 5.3 टक्के चुकीचे, आणि लपवलेला नमुना सापडायला सरासरी 64 सेकंद लागले. मात्र ओळखीची खोली सोडून गाड्यांपाशी गेल्यावर तेच कुत्रे बरेच ढेपाळले. आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचं चित्र आणखी वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या लोकपालांनी 2006 मध्ये दिलेल्या अहवालात कुत्र्यांनी माणसांकडे पाहून दिलेल्या दहा हजारांहून अधिक इशाऱ्यांचा हिशेब आहे. झडतीत पदार्थ सापडला तो 26 टक्के वेळा. उरलेल्यांपैकी अनेकांचा पूर्वी कधीतरी गांजाशी संबंध आला असेल, कपड्यांना जुना वास असेल. नाकाच्या दृष्टीने तोही खराच वास. पण रस्त्यात सगळ्यांसमोर ज्याचे खिसे उलटे केले गेले, त्याच्यासाठी ते काही उत्तर होत नाही. कुत्रा बसला याचा अर्थ इथे एक वास आहे किंवा होता, इतकाच. तो कुणाचा, कधीचा, गुन्ह्याचा की नुसत्या शेजाराचा, हे सगळं माणसांनी शोधायचं असतं. आणि माणसं तिथेच कंटाळा करतात, याचा मला राग येतो.

कायदा बदलतो तेव्हा तर हे फार स्पष्ट दिसतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात प्रौढांना थोडा गांजा बाळगण्याची मुभा मिळाली. तिथे किलो नावाचा एक पोलिसी कुत्रा होता, गांजासकट अनेक पदार्थांवर तयार केलेला. तो बसायचा एकाच प्रकारे. गांजासाठी बसलाय की हेरॉइनसाठी, ते सांगायला त्याच्याकडे वेगळी खूण नव्हती. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा कुत्र्याला गाडी हुंगायला लावणं हीच झडती आहे, आणि तिला आधी सबळ कारण हवं. किलोचं काही चुकलं नव्हतं. जे शिकवलं ते तो करत होता. शिकवलेला वास पुसून टाकणं फार अवघड, म्हणून असे कित्येक कुत्रे वेळेआधी निवृत्त झाले आणि नवी पिल्लं गांजा वगळून शिकवली जाऊ लागली.

काळीच्या अखेरच्या चाचणीच्या वेळी जागा मी ठरवल्या नाहीत. नमुने वजन करून दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिले, सह्या घेतल्या. पाच खोल्यांपैकी कुठे काय आहे, काही आहे की नाही, हे एका पाकिटात बंद. उस्तादांनाही माहीत नव्हतं. हँडलर आणि काळी आत गेले, आम्ही दोघं पडवीत.

पहिल्या खोलीतून ते दोन मिनिटांत बाहेर आले. "काही नाही." दुसऱ्या खोलीतही तेच. तिसऱ्या खोलीत वेळ लागला. मी कान देऊन ऐकत होते. नखांचा फरशीवर आवाज, कपाटाचं दार, पुन्हा नखं. तिथे काही असेल तर ती बसेल आणि नखांचा आवाज थांबेल. नसेल तरी दमून, टॉवेलच्या आशेने, हँडलरच्या एखाद्या रेंगाळलेल्या पावलाने बसेल. आवाज एकदा थांबला. माझ्या पोटात गोळा आला. मग पुन्हा नखं वाजली.

"काही नाही," हँडलर बाहेर येऊन म्हणाला. त्याच्या पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. चौथी, पाचवी. "काही नाही."

उस्तादांनी पाकीट फाडलं, कागद वाचला आणि माझ्या हातात दिला. पाचही खोल्यांपुढे फुली होती.

काळी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. पाऊण तास शोधून तिला काहीच मिळालं नव्हतं. हँडलरने पाणी दिलं, कानामागे खाजवलं आणि तिला मैदानाकडे नेलं. तिथे भिंतीच्या कडेला, विटांच्या ढिगात, त्याने सकाळीच एक नमुना ठेवून दिला होता. ती विटांपाशी पोचायच्या आतच वाऱ्याने तिला वळवलं. मी पडवीतून बघत होते. तिची शेपूट थांबली, ती बसली, आणि टॉवेल हवेत गेला.